चिंता आणि ओपिऑइड औषधांचा गैरवापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपिऑइड म्हणजे नेमकी कोणती औषधे, आणि गैरवापर कशाला म्हणायचे?

अफूच्या बोंडातून मिळणारी मॉर्फिन व कोडीन ही द्रव्ये, त्यांच्यासारख्या नैसर्गिक द्रव्यांत रासायनिक बदल करून तयार केलेली ऑक्सिकोडोन, ब्युप्रेनॉर्फिन व हेरॉइन आणि संपूर्णपणे प्रयोगशाळेत बनणारी फेंटानिल, मेथाडोन व ट्रॅमाडॉल या सर्वांना मिळून ओपिऑइड म्हणतात. मोठी शस्त्रक्रिया, गंभीर दुखापत किंवा कर्करोगाची वेदना यांवर त्यांच्यातील अनेक औषधांना आजही तोड नाही, आणि योग्य कारणासाठी ती घेणाऱ्या रुग्णाने अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही.

लिहून दिलेल्यापेक्षा जास्त मात्रा घेणे, दुसऱ्याच्या नावावरची गोळी घेणे किंवा ज्या कारणासाठी औषध दिले त्याहून वेगळ्या कारणासाठी ते घेणे, हे तिन्ही प्रकार गैरवापरात मोडतात. तिसरा प्रकार सर्वांत सहज नजरेआड होतो. पाठ दुखत नसतानाही उद्याच्या मुलाखतीच्या धास्तीने झोप येत नाही म्हणून पाठदुखीची गोळी घेतली, तर घेणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण गोळी त्याचीच असते, डॉक्टरांनी दिलेली असते आणि मात्राही ठरल्याइतकीच असते. चिंता आणि ओपिऑइड यांचे नाते बहुतेक वेळा अशाच ठिकाणी सुरू होते.

वेदनेवरचे औषध घेतल्यावर मनाची धास्ती कशी कमी होते? हा केवळ मनाचा खेळ आहे का?

हा मनाचा खेळ नाही. ओपिऑइड ज्यांना जाऊन चिकटतात ते रिसेप्टर मेंदूत असल्याचे १९७३ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर १९७५ मध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी अ‍ॅबरडीन येथे मेंदूत आपोआप तयार होणारी ओपिऑइडसदृश द्रव्ये, म्हणजे एन्केफॅलिन, शोधून काढली. वेदना आणि ताण सुसह्य करणारी यंत्रणा शरीरापाशी मुळातच असते, आणि बाहेरून घेतलेले औषध तीच यंत्रणा कितीतरी जास्त जोराने वापरते, असा या शोधांचा अर्थ होता.

हे रिसेप्टर केवळ वेदनेच्या मार्गावर नसतात. भीतीची दखल घेणाऱ्या अमिग्डाला या भागात ते भरपूर आहेत. मेंदूच्या मुळाशी असलेल्या लोकस सेरुलियस नावाच्या लहानशा पेशीसमूहावरही ते आहेत, आणि मेंदूतील सावधपणाचे संदेशद्रव्य असलेल्या नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा मुख्य पुरवठा याच समूहातून होतो. छाती धडधडणे, तळहात ओले होणे, काहीतरी वाईट घडणार अशी हुरहूर लागणे, या अनुभवांमागे नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा मोठा वाटा असतो. ओपिऑइड त्या पेशींचे काम मंदावते, त्यामुळे शरीर सैल पडते आणि विचारांचा ससेमिरा थांबतो. ‘ती गोळी घेतली की जिवाला शांत वाटते’ असे एखादा रुग्ण सांगतो तेव्हा तो सबब सांगत नसतो, तर आपला अनुभव जसाच्या तसा सांगत असतो, आणि ऐकणाऱ्याने ते खरे मानूनच पुढचे बोलणे सुरू करावे.

शांत वाटते हे खरे असेल, तर चिंतेसाठी ते औषध घेण्यात गैर काय?

गैर हे की, तेच औषध काही काळाने चिंतेचे कारण बनते, आणि हा बदल इतक्या सावकाश होतो की घेणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही.

लोकस सेरुलियसच्या पेशी रोज दाबल्या गेल्या की त्या जुळवून घेतात आणि औषधाचा दाब असतानाही काम चालावे म्हणून आपली क्षमता वाढवतात. त्यामुळे आधीच्या मात्रेने पूर्वीइतका आराम पडत नाही. औषधाचा अंमल उतरला की दाब निघून जातो, पण वाढलेली क्षमता तशीच राहते आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा लोंढा सुटतो. त्याच सुमारास ताणाची संदेशद्रव्ये वाढतात, आणि डायनॉर्फिन नावाचे शरीरातलेच एक ओपिऑइड ‘कप्पा’ या प्रकारच्या ओपिऑइड रिसेप्टरांमार्फत बेचैनी आणि नकोशी उदासी निर्माण करते. जॉर्ज कूब या संशोधकाने व्यसनाच्या या अंगाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. सुरुवातीला माणूस बरे वाटावे म्हणून औषध घेतो आणि पुढे वाईट वाटू नये म्हणून घेत राहतो, हा त्या मांडणीचा गाभा आहे.

मूळची चिंता अजून तशीच असते आणि तिच्यावर औषधाने आणलेली चिंता चढते. कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढणाऱ्याचे होते तसे येथे होते : प्रत्येक हप्त्याला सुटल्यासारखे वाटते आणि एकूण देणे वाढत जाते. कमी वेळ टिकणाऱ्या औषधांच्या बाबतीत हे चक्र दिवसातून अनेकदा फिरते. पहाटे दचकून जाग येणे, दुपारच्या गोळीच्या तासभर आधी चिडचिड होणे, गोळी घेताच वीस-पंचवीस मिनिटांत सगळे ठीक वाटणे, असा दिनक्रम होतो. यातून रुग्ण जो निष्कर्ष काढतो तो स्वाभाविक असतो, पण उलटा असतो. आपली चिंताच इतकी वाढली आहे की या गोळीवाचून निभाव लागणार नाही, असे त्याला वाटते.

याहून खोल नुकसान आणखी एक आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. भीतीची लाट कोणताही उपाय न करता थोड्या वेळाने ओसरते, हे मेंदूला स्वतः अनुभवूनच कळते. प्रत्येक लाटेच्या सुरुवातीलाच गोळी घेतली, तर हा अनुभव कधीच मिळत नाही, आणि आपण गोळीमुळेच वाचलो ही समजूत पक्की होत जाते. औषध सुटल्यावरही ही समजूत मागे राहते, म्हणून केवळ औषध शरीरातून काढून टाकल्याने काम संपत नाही.

चिंता आधी असते, की औषधामुळे निर्माण होते?

दोन्ही घडते. एडवर्ड खँत्झियन या मनोविकारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धान्तानुसार अनेक माणसे असह्य भावनांवर स्वतःच उपाय शोधताना एखाद्या पदार्थापाशी येऊन थांबतात. दुसरीकडे, पूर्वी कधीच चिंतेचा त्रास नसलेल्या माणसाला काही महिने ओपिऑइड घेतल्यानंतर पहिला पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी तीव्र घबराट) आल्याचीही उदाहरणे असतात. तिसरी शक्यता अशी की, लहानपणी सोसलेला छळ, हिंसा, आपत्ती किंवा आनुवंशिकता यांसारख्या एकाच मुळातून दोन्ही गोष्टी उगवलेल्या असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३० कोटी १० लाख लोकांना चिंताविकार होता. त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक ओपिऑइडच्या वाटेला कधीच जात नाहीत. चिंता असणे म्हणजे व्यसन लागणारच असे मुळीच नाही. मात्र चिंतेकडे दुर्लक्ष झाले आणि हाताशी ओपिऑइड असले, तर धोका निश्चितपणे वाढतो.

निदान करताना डॉक्टर कालक्रम विचारतात : औषध सुरू होण्याआधी अशी धास्ती वाटत होती का, मधल्या काळात औषध बंद होते तेव्हा काय झाले, तीव्र विड्रॉवल (औषध तुटल्यावर होणारा त्रास) संपल्यानंतर सुमारे महिनाभराने चिंता उरली का. निदानाच्या काटेकोरपणासाठी हा महिना उपयोगी आहे. उपचार सुरू करण्यासाठी तेवढे थांबावे, हे मला मान्य नाही, आणि त्याची कारणे पुढे येतील.

मला होते ती चिंता आहे की विड्रॉवल, हे कसे ओळखावे?

विड्रॉवल म्हणजे औषध तुटल्यावर होणारा त्रास, आणि त्यात चिंता जवळजवळ नेहमीच असते, त्यामुळे केवळ मनाच्या अवस्थेवरून फरक कळणे कठीण आहे. शरीराकडे पाहावे. वारंवार जांभया येणे, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहणे, अंगावर काटा येणे, बाहुल्या मोठ्या दिसणे, पोटात कळा येऊन जुलाब होणे, हाडे दुखणे आणि पाय स्वस्थ न राहणे ही लक्षणे विड्रॉवलकडे बोट दाखवतात. नुसत्या चिंतेत जांभया आणि वाहते नाक सहसा नसते.

वेळेवरूनही अंदाज येतो. हेरॉइनसारख्या कमी वेळ टिकणाऱ्या ओपिऑइडचा विड्रॉवल शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते २४ तासांत सुरू होऊन ४ ते १० दिवस टिकतो. मेथाडोनच्या बाबतीत तो १२ ते ४८ तासांनी सुरू होतो आणि १० ते २० दिवसही चालतो. पॅनिक अटॅक याहून वेगळा असतो, कारण तो काही मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि बहुधा तासाभराच्या आत ओसरतो.

ट्रॅमाडॉल हा येथे अपवाद आहे. ओपिऑइड रिसेप्टरांवर काम करण्याबरोबरच हे औषध सेरोटोनिन (मनःस्थितीशी निगडित संदेशद्रव्य) आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलीन यांचे पेशीत परत शोषले जाणेही रोखते, त्यामुळे ते अचानक बंद केल्यावर काही जणांना तीव्र घबराट, हातापायांना मुंग्या, गोंधळलेपण किंवा भास असा विड्रॉवल होतो. ‘ते तर सौम्य औषध आहे’ असे ऐकत आलेल्या रुग्णाला आपल्याला वेड लागते आहे की काय, अशी भीती वाटते, आणि हे आधीच कोणी सांगितले असते तर त्यातली निम्मी भीती टळली असती.

आठवडाभर वहीत गोळीची वेळ आणि धास्तीची वेळ समोरासमोर लिहून ठेवावी. दोहोंतला संबंध कागदावर लगेच दिसतो. थायरॉइडचे विकार आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांतही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी टाळू नये.

मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच गोळ्या घेतो, तरी चुकल्या की त्रास होतो. मला व्यसन लागले आहे का?

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. ओपिऑइड काही आठवडे नियमित घेणाऱ्या कोणाचेही शरीर त्यावर अवलंबून राहू लागते. व्यसनाची ओळख वेगळी आहे : तलफ येणे, ठरवूनही मात्रा आवरता न येणे, नुकसान दिसत असताना घेत राहणे, कामे आणि नाती मागे पडणे. मनोविकारांच्या निदानासाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या संहितेत अशा ११ कसोट्या आहेत. १२ महिन्यांच्या काळात त्यांपैकी २ किंवा अधिक लागू पडल्या तर ओपिऑइड वापर विकार मानतात, आणि ६ किंवा त्याहून अधिक लागू पडल्यास तो तीव्र स्वरूपाचा समजतात. वैद्यकीय देखरेखीखाली नेमून दिल्याप्रमाणे औषध घेणाऱ्याच्या बाबतीत मात्रा वाढवावी लागणे आणि विड्रॉवल होणे या दोन कसोट्या मोजल्या जात नाहीत.

स्वतःला विचारण्यासारखा एक प्रश्न मात्र आहे. गेल्या काही दिवसांत एखादी गोळी वेदना नसताना, केवळ मन शांत व्हावे म्हणून घेतली का? उत्तर ‘हो’ असेल तर घाबरण्याची गरज नाही, पण पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना सांगावे.

चिंतेचा त्रास असलेल्याने शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड घेऊच नयेत का?

गरज असल्यास जरूर घ्यावेत. वेदना तशीच सोसत राहिल्यानेही चिंता वाढते, आणि चिंता वाढली की तीच वेदना अधिक तीव्र भासते. तरीही शस्त्रक्रियेआधीची चिंता, नैराश्य आणि झोपेच्या वा शामक गोळ्यांचा वापर या गोष्टी असणाऱ्यांमध्ये ओपिऑइड दीर्घकाळ चालू राहण्याचा धोका जास्त आढळतो. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना चिंतेविषयी आधीच सांगावे, औषध किती दिवस आणि कोणत्या टप्प्यांनी बंद होईल हे ठरवून घ्यावे, चालत असल्यास पॅरासिटामॉलसारख्या अन्य वेदनाशामकांचा आधार घ्यावा आणि उरलेल्या गोळ्या घरात जपून ठेवू नयेत.

चिंतेसाठी अल्प्राझोलम किंवा झोपेची गोळी सोबत घेतली तर चालते का?

स्वतःच्या मनाने कधीही नाही. अल्प्राझोलम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही बेंझोडायझेपिन या शामक गटातील औषधे आहेत. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास जोरात घ्यायला लावणारी मेंदूच्या मुळातील यंत्रणा ओपिऑइडमुळे मंदावते. बेंझोडायझेपिनमुळे शुद्ध आणखी हरपते, आणि दोन्ही एकत्र आल्यावर प्रत्येकाची मात्रा नेहमीचीच असली तरी झोपेत श्वास थांबू शकतो. या कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दोन्ही गटांच्या औषधांवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले. दारूचा परिणामही असाच होतो. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही निरुपद्रवी समजली जाणारी औषधेही यातून सुटत नाहीत, आणि श्वसनाचा आजार असलेल्यांनी व वृद्धांनी त्यांच्याबाबत विशेष जपावे.

जे आधीपासून दोन्ही घेत आहेत त्यांनी हे वाचून बेंझोडायझेपिन एका झटक्यात बंद करू नये, कारण त्याने फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. तसेच रुग्ण बेंझोडायझेपिन घेतो एवढ्या कारणावरून त्याला ओपिऑइडच्या व्यसनावरचे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार नाकारू नयेत, असे त्याच प्रशासनाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. उपचार नाकारलेला माणूस दोन्ही औषधे देखरेखीविना घेत राहतो, आणि ती स्थिती अधिक धोक्याची आहे.

मनाचा निश्चय करून ओपिऑइड एकदम बंद केले तर?

निश्चयाचा आदर राखूनही सांगावे लागते की हा मार्ग बहुतेकांना मानवत नाही. निरोगी प्रौढाला विड्रॉवलमुळे मृत्यू येणे दुर्मीळ असले, तरी उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी होऊन प्रकृती गंभीर होऊ शकते, आणि चिंतेचा विकार असलेल्या माणसाला त्या काही रात्री अक्षरशः असह्य होतात. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ वेदनेसाठी ओपिऑइड घेणाऱ्यांची मात्रा महिन्याला साधारण १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश कमी करावी, असा सल्ला आज दिला जातो. घट थांबवणे, काही आठवडे एकाच पायरीवर राहणे, हे अपयश मानू नये.

नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा लोंढा आवरण्यासाठी क्लोनिडिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरले जाते, आणि त्याच जातीच्या लोफेक्सिडिनला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. धडधड, घाम आणि अस्वस्थता यांवर त्यांचा उपयोग होतो, तलफेवर मात्र फारसा होत नाही. विड्रॉवलची भीती हीसुद्धा चिंताच आहे, हेही ध्यानात ठेवावे. केवळ त्या भीतीपोटी वर्षानुवर्षे औषध घेत राहिलेली माणसे असतात, आणि ‘त्रास होऊ न देता उतरवता येते’ हे कोणी नीट समजावून सांगितले की त्यांचा अर्धा विरोध मावळतो.

मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे धरणे नव्हे का?

हा प्रश्न नातेवाईक सर्वांत जास्त विचारतात, आणि या गैरसमजापायी जीव गेले आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोनच्या नियमित उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या दोन्ही औषधांचा जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ही औषधे शरीरात दीर्घकाळ टिकतात. रक्तातील पातळी दिवसभर साधारण एकसारखी राहिल्यामुळे वर वर्णन केलेले चढउतार थांबतात, आणि चिंतेचा जो भाग या चढउतारांतून येत होता तो काही आठवड्यांत स्वतःहून निवळतो. उपचार चालू असेपर्यंत ओव्हरडोसने मृत्यू येण्याचा धोका लक्षणीयरीत्या कमी होतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले आहे. शारीरिक अवलंबित्व राहते, हे खरे. पण तलफेमागे धावण्यात जाणारा दिवस परत मिळतो, आणि व्यसन व उपचार यांत मी फरक करतो तो याच जागी.

ब्युप्रेनॉर्फिन हे अंशतः काम करणारे ओपिऑइड आहे. ठरावीक मात्रेनंतर श्वासावरचा त्याचा दाब वाढत नाही, आणि बेचैनी आणणाऱ्या कप्पा रिसेप्टरांना ते रोखते. मात्र आधीचे ओपिऑइड शरीरात भरपूर असताना ते घेतले, तर ते त्याला रिसेप्टरांवरून हुसकावून लावते आणि थोड्याच वेळात तीव्र विड्रॉवल सुरू होतो. चिंताग्रस्त रुग्णाच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण येते. विड्रॉवलच्या नुसत्या कल्पनेने त्याला घाम फुटतो, हात थरथरतात, आणि त्रास सुरू झाला असे समजून तो पहिली मात्रा फार लवकर घेतो. विड्रॉवल मोजण्याच्या प्रचलित पट्टीत ११ मुद्दे असून चिंता-चिडचिड हा त्यांतला केवळ एक आहे. म्हणून बाहुल्या, काटा, जांभया आणि नाडी पाहूनच सुरुवात करावी.

आधी व्यसनाचा उपचार करावा की चिंतेचा?

‘आधी व्यसन सोडून या, मग चिंतेचे पाहू’ आणि ‘आधी चिंता बरी करून या, मग व्यसनाचे पाहू’ ही दोन्ही वाक्ये रुग्णांना ऐकावी लागतात, आणि कधीकधी एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणी. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चिंता तशीच ठेवून औषध सोडायला सांगणे म्हणजे ज्या कारणासाठी माणूस ते घेत होता ते कारण कायम ठेवणे. औषध तसेच ठेवून चिंतेवर उपचार करू पाहिले, तर रोजच्या चढउतारांत त्या उपचाराचा परिणाम दिसतच नाही. दोन्ही उपचार एकाच वेळी, शक्यतो एकाच पथकाकडून व्हावेत, आणि ते शक्य नसेल तर दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या संपर्कात राहावे. पहिल्या दिवसापासून चिंतेची नोंद ठेवावी. त्यासाठी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली जीएडी-७ ही ७ प्रश्नांची चाचणी सोयीची आहे. तिचे गुण ० ते २१ असतात आणि १० किंवा अधिक गुण आल्यास नीट तपासणी करणे इष्ट ठरते.

ओपिऑइडचा उपचार चालू असताना चिंतेवर कोणती औषधे चालतात?

बहुतेक वेळा सुरुवात सर्ट्रालीनसारख्या एसएसआरआय, म्हणजे सेरोटोनिनचे पेशीत परत शोषले जाणे रोखणाऱ्या, गटातील औषधाने होते. त्यांची सवय ओपिऑइडसारखी लागत नाही, मात्र परिणाम दिसायला २ ते ६ आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. पंधरा मिनिटांत शांत होण्याची सवय झालेल्या मनाला ही प्रतीक्षा फार जड जाते, म्हणून हे आधीच सांगून ठेवणे उपचाराचाच भाग समजावा.

काही जोड्या जपून वापराव्या लागतात. ट्रॅमाडॉल आणि एसएसआरआय एकत्र आल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर, गोंधळ आणि फिट येण्याचा धोका असतो. फ्लुओक्सेटीन व पॅरॉक्सेटीन ही औषधे यकृतातील ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्याच विकरामुळे कोडीन आणि ट्रॅमाडॉल शरीरात परिणामकारक रूप घेतात. परिणामी वेदना कमी होत नाही, रुग्ण जादा गोळी मागतो आणि त्याच्यावर संशय घेतला जातो, तेव्हा दोष रुग्णाचा नसून औषधांच्या जोडीचा असतो. मेथाडोनबरोबर सिटॅलोप्राम किंवा एस्सिटॅलोप्राम देताना ईसीजी पाहावा लागतो, आणि फ्लुव्हॉक्सामीनमुळे रक्तातील मेथाडोन वाढू शकते.

गोळ्यांशिवाय काही उपाय आहेत का?

आहेत, आणि ते दुय्यम नाहीत. विचार व वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती चिंताविकारांवर सर्वाधिक तपासली गेलेली मानसोपचार पद्धती आहे, आणि ती बहुधा १२ ते १६ बैठकांत दिली जाते. तिच्यातला एक भाग येथे फार मोलाचा ठरतो. थेरपिस्टच्या उपस्थितीत रुग्ण मुद्दाम जागेवर धावतो, गरगर फिरतो किंवा बारीक नळीतून श्वास घेतो, म्हणजे धडधड, चक्कर आणि गुदमरणे या संवेदना स्वतःहून आणतो आणि त्या आपोआप उतरेपर्यंत थांबतो. गोळ्यांनी जो अनुभव वर्षानुवर्षे हिरावून घेतला होता, तो येथे सुरक्षितपणे परत मिळतो. विड्रॉवलच्या तीव्र दिवसांत हे व्यायाम करू नयेत, मात्रा स्थिर झाल्यावर करावेत.

नियमित चालणे, झोपेची ठरलेली वेळ आणि चहा-कॉफी कमी करणे यांचाही उपयोग होतो.

औषध सुटून दोन महिने झाले, तरी अधूनमधून धास्ती का वाटते?

तीव्र विड्रॉवल काही दिवसांत संपतो, पण झोपेचा बिघाड, चिडचिड आणि अकारण हुरहूर अनेक आठवडे, कधी काही महिने रेंगाळते. ताणाची यंत्रणा पूर्ववत होण्यास वेळ लागतो. ही धास्ती सलग न राहता लाटांसारखी येते आणि हळूहळू विरळ होत जाते, तरीही तिला मूळचा विकार परतला असे समजून लोक खचतात.

हाच काळ सर्वांत धोक्याचाही आहे. शरीराची सहनक्षमता एव्हाना उतरलेली असते आणि माणसाच्या लक्षात मात्र जुनी मात्रा असते. एखाद्या वाईट रात्री ‘फक्त आजच्या दिवस’ म्हणून पूर्वीइतकी मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते. व्यसनमुक्ती केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मृत्यूंचे प्रमाण वाढते ते यामुळेच. धास्ती असह्य झाली तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्यांना कळवावे, आणि घसरण झालीच तर ती लपवू नये.

ओव्हरडोस कसा ओळखावा आणि काय करावे?

हाका मारून किंवा हलवूनही माणूस जागा होत नाही, श्वास अतिशय मंद किंवा घरघरता होतो, ओठ व नखे निळसर पडतात आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ताबडतोब आपत्कालीन वैद्यकीय मदत बोलवावी, नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा परिणाम तात्पुरता उलटवणारे औषध) उपलब्ध असल्यास द्यावे, श्वास बंद पडत असल्यास कृत्रिम श्वास द्यावा, श्वास चालू असल्यास कुशीवर वळवावे आणि एकटे सोडू नये. नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, तर ओपिऑइड त्याहून अधिक काळ टिकू शकते, म्हणून शुद्धीवर आल्यावरही रुग्णालयात नेणे आवश्यक आहे. शुद्धीवर येताना माणूस अत्यंत घाबरलेला व चिडलेला असतो. तो अचानक झालेल्या विड्रॉवलचा परिणाम असतो, हे जाणून त्याच्याशी शांतपणे बोलावे. घरात कोणी ओपिऑइड घेत असेल, तर नॅलॉक्सोन कसे मिळेल याची चौकशी आजच करून ठेवावी.

गर्भवती स्त्रीने काय करावे?

ओपिऑइड अचानक बंद करू नये, कारण विड्रॉवलचा ताण गर्भालाही पोहोचतो आणि पुन्हा वापर सुरू होण्याचा धोका मोठा असतो. देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हा मान्य उपचार आहे. जन्मानंतर बाळाला विड्रॉवल होऊ शकतो, पण तो ओळखता येतो आणि त्यावर उपचार आहेत. या भीतीने तपासणीला जाणे टाळू नये.

घरच्यांनी कसे वागावे?

गोळ्या मोजणे, खिसे तपासणे आणि दर संध्याकाळी उलटतपासणी घेणे यांमागे प्रेम असते, हे मान्य केले तरी चिंतेने ग्रासलेल्या माणसावर त्याचा परिणाम उलटा होतो. औषधे कुलपात राहतील आणि ती कोण देईल, हे सर्वांनी मिळून एकदाच ठरवावे, आणि त्यानंतर त्यावर रोज बोलू नये. ‘तू आमच्यासाठी एवढेही करू शकत नाहीस?’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी दिवसातला कोणता वेळ सर्वांत कठीण जातो हे विचारावे आणि त्या वेळी सोबत असावे. घरच्यांनाही धास्तीने झोप लागेनाशी होते, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी समुपदेशन घेणे मुळीच स्वार्थीपणाचे नाही.

डॉक्टरांना खरे सांगितले तर ते औषध बंद करतील, अशी भीती वाटते. काय करावे?

ही भीती अगदीच निराधार नाही, कारण खरे सांगितल्यावर तडकाफडकी औषध थांबवल्याचे अनुभव काही रुग्णांना आले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये अशा अचानक थांबवण्याविरुद्ध इशारा दिला, कारण त्यातून तीव्र विड्रॉवल, असह्य वेदना आणि आत्महत्येचे विचार उद्भवल्याची उदाहरणे समोर आली होती. ही माहिती डॉक्टरांसमोर मोकळेपणाने ठेवता येते.

भेटीला जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : प्रत्यक्षात दिवसाला किती आणि केव्हा औषध घेता, त्यांपैकी कोणती मात्रा वेदनेसाठी आणि कोणती धास्तीसाठी असते, सोबत दारू किंवा अन्य कोणत्या गोळ्या घेता, आणि औषध सुरू होण्यापूर्वी चिंता कशी होती. बोलताना जीभ अडखळली तर तोच कागद पुढे करावा. ‘मी वेदना नसतानाही ही गोळी घेतो, कारण तिच्यावाचून मला भीती वाटते, आणि मला ती एकदम बंद न करता यातून बाहेर पडायचे आहे’ एवढे एक वाक्य सुरुवातीला पुरेसे आहे. ते ऐकूनही एखाद्या डॉक्टरांनी केवळ उपदेश केला, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे आणि तेच वाक्य पुन्हा सांगावे. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येत असतील, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी जवळच्या माणसाला सांगून आपत्कालीन विभाग गाठावा.